परदेशात खर्चासाठी कार्ड कुठलं न्यायचं? जपानला जाण्याआधीची शोधाशोध आणि तिथे गेल्यावरचा अनुभव

जपानचं ठरलं तेव्हा तिकिटं, व्हिसा, हॉटेलं हे सगळं आम्ही आधी उरकून घेतलं आणि पैसे कसे न्यायचे हा विषय मुद्दाम वेगळा ठेवला, कारण त्यावर घरात प्रत्येकाचं मत वेगळं होतं. बाबांचं म्हणणं सगळे पैसे रोख घेऊ, कार्डाची कटकट नको. नवरा म्हणे क्रेडिट कार्ड आहे ना, ते सगळीकडे चालतं. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली फोरेक्स कार्ड घे, म्हणजे आधीच परदेशी चलन विकत घेऊन भरून ठेवायचं ते कार्ड, दुसरा विचारच करू नको. आणि ठाण्याच्या काकांनी फोन करून सांगितलं की बाहेर कार्ड वापरलं की सरकार २० टक्के कापतं, जपून. चौघंही अगदी मनापासून सांगत होते पण चौघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. चार जणांचा प्रवास, त्यात बाबा एसटीतून रिटायर झालेले, त्यांनी साठवलेल्या पैशातले बरेच यात जाणार, म्हणून मी ठरवलं की आकडे काढूनच काय ते ठरवायचं, ऐकीव गोष्टीवर नाही.

पहिले दोन-तीन दिवस बँकांच्या वेबसाइट वाचण्यात गेले आणि डोकं भणभणलं, कारण प्रत्येक ठिकाणी फीचं नाव वेगळं. इश्यू फी, रीलोड फी, मार्कअप, क्रॉस करन्सी, एटीएम फी, बॅलन्स बघायची सुद्धा फी. मग मी सगळी नावं बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न धरला, की मी १ लाख रुपये दिले तर सगळं कापून माझ्या हातात येन किती पडणार? हाच प्रश्न बँकेला, हाच मनी चेंजरला, हाच क्रेडिट कार्डाच्या कस्टमर केअरला. ज्यांना कोणाला बाहेर जायचंय त्यांनी दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण हा प्रश्न विचारा, कारण खरा खर्च फीच्या यादीत नसतोच बऱ्याचदा, तो रेटमधे असतो.

आता आकडे सांगते. त्या आठवड्यात गूगलवर १०० येनला ५९ रुपयांच्या आसपास भाव दिसत होता, म्हणजे १ लाखाचे साधारण १,६९,५०० येन. हा भाव आपल्याला कोणी देत नाही, बँका आपसात व्यवहार करतात त्याच्या जवळचा भाव असतो तो, पण मोजायला पट्टी म्हणून तो हवाच.

नवऱ्याचं क्रेडिट कार्ड. त्यावर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँक रेटच्या वर लावते तो चार्ज, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. १ लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये जास्तीचे. उलटं मोजलं तर १ लाख रुपयात सगळं धरून साधारण १,६२,७०० येनची खरेदी होणार.

मग मी ज्या बँकेत माझा पगार जमा होतो तिथे गेले, फोरेक्स कार्डासाठी. तिथल्या मॅडम खूप चांगल्या बोलल्या, खुर्ची दिली, फॉर्म काढला, म्हणाल्या मॅडम तुमचं सॅलरी अकाउंट आहे तर इश्यू फी मी माफ करून देते, मार्कअप शून्य, तिथे कार्ड घासलं की एक पैसा कापला जाणार नाही. मी म्हटलं छान, पण येनचा आजचा रेट काय? त्यांनी स्क्रीनवर बघून सांगितला, ६१ रुपये ५० पैसे. मी तिथेच मोबाइलवर भागाकार केला. १,६२,६०० येन. म्हणजे नवऱ्याच्या त्या साडेतीन टक्केवाल्या कार्डाइतकेच, उलट शंभरेक येन कमीच, आणि वरून करन्सी बदलण्यावरचा जीएसटी वेगळा, १ लाखाला १८० रुपये. मार्कअप शून्य हे शब्दशः खरं होतं, फक्त पैसे आधीच रेटमधे घेऊन झाले होते. डिलिव्हरी फ्री म्हणायची आणि थाळीचा भाव वाढवायचा, त्यातलाच प्रकार. मी मॅडमना हे दाखवलं तर त्या म्हणाल्या रेट वरून येतो, आमच्या हातात नाही, आणि ते खरंही असेल, त्यांच्यावर माझा राग नाही. पण समोर बसलेल्या माणसाला फी माफ केली एवढंच ऐकू येतं आणि तो खुश होऊन सही करतो, याचं मला वाईट वाटतं, विशेषतः वयस्कर लोकांच्या बाबतीत.

विमानतळावरच्या काउंटरचा भाव मी फोनवर विचारून ठेवला होता. ६५ च्या पुढे. तिथे जाऊन पैसे बदलू असं जे कोणी ठरवून बसलेत त्यांनी प्लीज असं करू नका.

मनी चेंजरकडे मात्र वेगळा अनुभव आला. आमच्या इथल्याच एका दुकानात गेले, रिझर्व्ह बँकेचं लायसन्स भिंतीवर लावलेलं होतं ते आधी बघून घेतलं. पहिला भाव सांगितला ६०.८०. मी म्हटलं भाऊ, दुसरीकडे कमी सांगतायत, आणि खरंच सांगत होते, ऑनलाइन एका ठिकाणचा भाव माझ्याकडे होता. घासाघीस करून ५९.९० ला आले. म्हणजे १ लाखाचे १,६६,९०० येन. बँकेपेक्षा चार हजार येन जास्त, तेही नुसतं विचारलं म्हणून. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि व्हिसा यांच्या कॉपी घेतात, एक फॉर्म भरून घेतात, आणि ५०,००० रुपयांच्या वरची रक्कम असेल तर आपल्याकडून रोख घेत नाहीत, ट्रान्सफर किंवा चेकच लागतो. नोटांच्या रूपात परदेशी चलन एका ट्रिपला ३,००० डॉलर इतक्याच किमतीचं नेता येतं, बाकीचं कार्डावर. काही थोड्या देशांना यातून सूट आहे पण जपान त्यात नाही. बाबांना हे सांगितल्यावर सगळे पैसे रोख न्यायचा त्यांचा आग्रह जरा सैल झाला.

आता काकांचे २० टक्के. याची भीती खूप लोकांना आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. तो टीसीएस, म्हणजे आपण पैसे देतानाच आधी कापून घेऊन सरकारकडे भरला जातो तो टॅक्स. आपल्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची किंवा खर्चायची मुभा आहे, त्या योजनेला एलआरएस म्हणतात. फोरेक्स कार्ड, रोख परदेशी नोटा, परदेशात वापरलेलं डेबिट कार्ड, हे सगळं त्यात मोजलं जातं. १ ऑक्टोबर २०२३ पासून यावर ७ लाखांच्या वर गेलात तर २० टक्के टीसीएस आला, आणि १ एप्रिल २०२५ पासून ती ७ लाखांची मर्यादा १० लाख झाली. म्हणजे एका माणसाच्या पॅनवर, एका वर्षात, १० लाखांच्या वरच्या रकमेवर. आमचा चौघांचा मिळून सुद्धा खर्च तिथे पोचत नव्हता. आणि कापला गेलाच तरी तो टॅक्स आपल्या नावावर जमा होतो, आयकर खात्याच्या २६एएस या स्टेटमेंटमधे दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. फक्त जे पेन्शनर रिटर्नच भरत नाहीत त्यांना तो मिळवायला रिटर्न भरावं लागतं, म्हणून मोठी रक्कम असेल तर कोणाच्या पॅनवर काय जातंय हे बघून ठेवावं.

क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी. २०२३ च्या मे महिन्यात सरकारने सांगितलं होतं की परदेशात जाऊन क्रेडिट कार्डावर केलेला खर्चही एलआरएस मधे धरणार, मोठा गोंधळ झाला, आणि जूनच्या शेवटी ते पुढे ढकललं. तेव्हापासून तसंच आहे, तिथे असताना क्रेडिट कार्ड वापरलं तर तो खर्च त्यात मोजत नाहीत. ग्रुप टूरच्या पॅकेजवर मात्र टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो, त्याचे नियम निराळे. काकांनी दोन वर्षांपूर्वी टूरवाल्यांकडे पैसे भरले होते, तिथे टीसीएस कापला गेला होता, त्यांचा आकडा आणि बातम्यांमधले २० टक्के हे दोन्ही त्यांच्या डोक्यात एकत्र झालं होतं. फोनवर अर्धा तास समजावलं तेव्हा पटलं.

मग मी शून्य मार्कअपवाल्या कार्डांकडे वळले, आणि इथे खरा फरक पडला. यात फोरेक्स कार्डासारखं आधी येन विकत घ्यायचे नसतात. साधं सेव्हिंग खातं किंवा साधं क्रेडिट कार्डच असतं, रुपयातलं, फक्त परदेशात वापरलं की बँक आपला मार्कअप लावत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डचा जो त्या दिवशीचा रेट असेल तोच. निओ ग्लोबल, फेडरल बँकेबरोबरचं स्कापिया, अशी नावं यात सारखी ऐकू येतात, अजूनही काही बँका देतात. अटी बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी त्या कार्डाचं फी आणि चार्जेसचं पान स्वतः उघडून वाचायचं, मित्राने दोन वर्षांपूर्वी काय वापरलं त्यावर जायचं नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही वेबसाइटवर कॅल्क्युलेटर असतो, आपला देश, आपलं चलन, तारीख टाकली की रेट दिसतो. मी बघितलं त्या दिवशी ५९.२० च्या आसपास होता. १ लाखाचे १,६८,९०० येन. बँकेतल्या फोरेक्स कार्डापेक्षा सहा हजार येन जास्त. आमच्या चौघांचं क्योटोमधलं एका वेळचं चांगलं जेवण त्यात झालं.

खातं उघडायला व्हिडिओ केवायसी करावं लागलं. आधार, पॅन, मग व्हिडिओ कॉलवर एक माणूस येतो, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा, कोऱ्या कागदावर सही करून दाखवा, लोकेशन चालू ठेवा. मला पहिल्याच कॉलमधे जमलं, नवऱ्याच्या पॅनवरचा फोटो बारावीतला, त्यामुळे त्याला जरा जास्त प्रश्न विचारले. कार्ड घरी यायला आठवडाभर लागला, म्हणून हे काम निघायच्या महिनाभर आधी तरी सुरू करावं. या नव्या खात्यात आम्ही फक्त ट्रिपचेच पैसे टाकले. पगाराच्या किंवा पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड बाहेर न्यायला मी अजिबात तयार नव्हते, कारण ते चोरीला गेलं किंवा कुठे कॉपी झालं तर सगळी साठवण उघडी पडते. आणि वेगळ्या खात्याचा अजून एक फायदा, उरलेले पैसे रुपयातच राहतात. फोरेक्स कार्डावर येन उरले तर ते परत रुपयात करताना बँकेचा खरेदीचा रेट लागतो, म्हणजे जाताना एकदा कापलं आणि येताना परत एकदा.

एवढं सगळं लिहिलं तरी फोरेक्स कार्ड वाईटच असं मी म्हणणार नाही, आम्ही एक घेतलंच, बाबांसाठी. बाबा नेटबँकिंग करत नाहीत, त्यांचं पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत, तिथलं कार्ड रुपेचं आणि ते भारतातच चालणारं. रुपेची काही कार्डं बाहेर चालतात, जपानमधे जेसीबी या तिथल्या कार्ड कंपनीच्या नेटवर्कवर चालणारीही असतात, पण बाबांचं तसलं नव्हतं. आई-बाबा कधी आमच्यापासून वेगळे पडले, ट्रेन चुकली, तर त्यांच्याकडे स्वतःचं काहीतरी हवं. म्हणून मनी चेंजरकडूनच बाबांच्या नावावर येनचं कार्ड घेतलं, त्यात ठरावीक रक्कम भरली. जास्तीत जास्त तेवढीच जाईल ही निश्चिंती, रेट आधीच ठरलेला, आणि पाकिटात जोडीला एक बॅकअप कार्ड येतं ते आईकडे दिलं. मुलं बाहेर शिकायला जातात तेव्हाही याच कारणासाठी ते बरं पडतं. फक्त एक लक्षात ठेवायचं, कार्डात जे चलन भरलंय त्याच देशात वापरायचं. डॉलर भरलेलं कार्ड जपानमधे घासलं तर बऱ्याच कार्डांवर क्रॉस करन्सी चार्ज लागतो आणि तो क्रेडिट कार्डाच्या मार्कअपइतकाच असू शकतो.

निघायच्या आधी कार्डं चालू करण्याचा एक कार्यक्रम असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नवीन कार्ड येतं ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालणारं, परदेशातला वापर, ऑनलाइन, टॅप करून पेमेंट, हे सगळं आपण स्वतः अ‍ॅपमधे जाऊन चालू करायचं. प्रत्येकाचं बटण वेगळं आणि प्रत्येकाची लिमिट वेगळी. मी एका संध्याकाळी डायनिंग टेबलवर सगळ्यांची कार्डं मांडली आणि एकेक करून चालू केली. क्रेडिट कार्डावर एटीएमचं बटण मुद्दाम बंदच ठेवलं, कारण क्रेडिट कार्डाने रोख काढली की फी लागते आणि व्याज काढल्या दिवसापासून सुरू. तीन कार्डं मी वेगवेगळ्या पर्समधे वाटून टाकली, त्यात निदान एक व्हिसा, एक मास्टरकार्ड, म्हणजे एखाद्या मशीनला एक नेटवर्क नाही आवडलं तर दुसरं आहे. बँकेचे परदेशातून लावायचे नंबर कागदावर लिहून घेतले, १८०० वाले टोल फ्री नंबर बाहेरून लागत नाहीत. आणि सिम. इथलं सिम फोनमधे तसंच ठेवायचं, रोमिंग चालू, त्याचा डेटा बंद, म्हणजे ओटीपी येतात. इंटरनेटसाठी ई-सिम वेगळं घेतलं.

टोकियोला उतरलो आणि तिथून पुढे जपान आपल्या पद्धतीने शिकवत गेलं. लोकांना वाटतं जपान म्हणजे सगळं कार्डावर. कन्व्हिनियन्स स्टोअरमधे, मोठ्या दुकानात, हॉटेलात खरंच टॅप केलं की झालं. पण स्टेशनवरच्या मशीनमधून सुइका कार्ड, म्हणजे ट्रेन-बससाठी पैसे भरून वापरायचं कार्ड, काढायचं तर येनच्या नोटा घालाव्या लागल्या, नंतर त्यात पैसे भरायलाही नोटाच. क्योटोतल्या किन्काकुजी या सोनेरी मंदिराचं तिकीट ५०० येन, चौघांचे २,००० रोख दिले. रामेनच्या, म्हणजे जपानी नूडल्सच्या छोट्या दुकानात दाराशीच मशीन, पैसे आधी घालायचे, चिठ्ठी बाहेर येते, ती काउंटरवर द्यायची. एका ठिकाणी त्या मशीनने आमची कोरी करकरीत १,००० ची नोट परत परत बाहेर टाकली. जुलै २०२४ मधे तिथे नवीन नोटा आल्या आणि काही लहान दुकानदारांनी मशीन अजून बदललेली नव्हती. आमच्या मनी चेंजरने दिलेल्या नोटा जुन्या छापाच्या होत्या, त्यातली एक घातली तर लगेच घेतली. बाबांना त्या दिवशी खूप बरं वाटलं, रोख हवीच हे मी पहिल्यापासून सांगत होतो म्हणून. आणि ते बरोबरच होतं. भारतातून थोडी रोख बरोबर नेली नसती तर पहिल्या दिवशी स्टेशनवर अडकलो असतो.

रोख संपली की सेव्हन इलेव्हनमधल्या एटीएमवर जायचो. तिथे परदेशी कार्ड चालतं आणि भाषा निवडता येते. आमच्या कार्डावर एका वेळचे २२० येन लागत होते, त्यामुळे थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदम ५०,००० काढायचो, मग ती फी अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. थायलंडला गेलेल्या मैत्रिणीने सांगितलं होतं की तिच्या वेळी तिथे हीच फी २२० बाथ होती, म्हणजे पाचशे रुपयांच्याही वर, तिथे तर एकदम काढणंच भाग आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी प्रत्येकाला हात धरून सांगते. ओसाकाच्या एका मोठ्या दुकानात आईने स्वेटर आणि काही वस्तू घेतल्या, बिल १२,००० येन. मी कार्ड दिलं. मुलीने मशीन माझ्याकडे फिरवलं, दोन्ही हातांनी, अगदी अदबीने. स्क्रीनवर दोन चौकोन. एकात १२,००० येन. दुसऱ्यात रुपयाचं चिन्ह आणि ७,५६० असा आकडा, आणि रुपयाचाच चौकोन ठळक, हिरवा. आई बाजूला उभी होती, ती म्हणाली अगं बघ, रुपयातच दाखवतंय, किती सोयीचं, तेच दाब. मी येन दाबलं. नंतर आमच्या स्टेटमेंटला त्याचे लागले ७,१०४. साडेचारशे रुपयांचा फरक, एका बटणाचा. रुपयात घेतलं की रेट दुकानाच्या मशीनमागची कंपनी ठरवते, तुमचं शून्य मार्कअप कार्ड तिथे काही उपयोगाचं नाही, आणि काही बँका रुपयात झालेल्या अशा परदेशी व्यवहारावर वेगळी फी सुद्धा लावतात. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, शब्द फिरवून, कन्व्हर्जन स्वीकारता का नाही असं. नाही म्हणायचं. पैसे तरीही निघतात. पुष्कळ लोक घाबरतात की नाही दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, तसं होत नाही. ज्या देशात आहात त्याच देशाचं चलन, दर वेळी, न चुकता. आईला मी त्या रात्री हॉटेलवर कागदावर आकडे मांडून दाखवलं, आणि पुढच्या दुकानात तीच आधी बोलली, येन येन.

एक त्रासही झाला. नवऱ्याचं जुनं क्रेडिट कार्ड क्योटोला जायच्या शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या तिकिटाला मशीनने घेतलं नाही, आणि लगेच बँकेचा मेसेज की संशयास्पद व्यवहार म्हणून कार्ड ब्लॉक केलंय. त्यांना फोन लावला तर आधी गाणं, मग बटणं, मग माणूस, मग तो म्हणे रजिस्टर्ड नंबरवर आम्ही कॉल करू, आणि तो कॉल आला आम्ही ट्रेनमधे बसल्यावर. परदेशात जातोय असं अ‍ॅपमधे आधी कळवलेलं होतं, तरी. माझ्या कार्डाने तिकिटं निघाली म्हणून निभावलं. एकच कार्ड असतं तर चार माणसं, सामान, आणि मागे रांग, काय केलं असतं माहीत नाही. बाबांचं फोरेक्स कार्ड त्या मशीनवर आम्ही वापरून बघितलंच नाही. दुबईला राहणारी माझी ताई सांगते की तिथे हॉटेलवाले चेक-इनला डिपॉझिट अडकवून ठेवतात, ते नेहमी क्रेडिट कार्डावर द्यायचं, डेबिट किंवा फोरेक्स कार्डावर दिलं तर आपले खरेच पैसे अडकतात आणि सुटायला कधी कधी आठवडे जातात. भाड्याची गाडी घ्यायची तर बऱ्याच कंपन्यांना क्रेडिट कार्डच लागतं.

परत आल्यावर मी स्टेटमेंट घेऊन बसले आणि प्रत्येक ओळ पावतीशी लावली. यात एक गोष्ट दिसली की कार्ड घासलं त्या दिवशी मेसेजमधे आलेली रक्कम आणि दोन-तीन दिवसांनी स्टेटमेंटला लागलेली रक्कम यात थोडा फरक असतो, व्यवहार नंतर पक्का होतो आणि रेट त्या दिवशीचा लागतो. कधी दहा रुपये जास्त, कधी कमी. ते ठीक आहे. काही चुकीचं दिसलं तर मात्र थांबायचं नाही, रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे आपली चूक नसताना कोणी तिसऱ्याने कार्डातून पैसे काढले आणि आपण तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवलं तर आपल्यावर काही येत नाही, उशीर केला की हळूहळू आपल्या गळ्यात येतं. म्हणून आलेला प्रत्येक मेसेज त्या दिवशी रात्री बघायचाच.

उरलेल्या नाण्यांचं आधीच ठरवलं होतं, कारण नाणी इथे कोणी बदलून देत नाही. शेवटच्या दिवशी आईने सगळ्यांच्या खिशातली चिल्लर गोळा केली आणि विमानतळावरच्या दुकानात आधी नाणी, मग सुइकातले उरलेले पैसे, आणि कमी पडले ते कार्डाने, अशी खरेदी केली. सुइका रिकामं करून परत दिलं की ५०० येन डिपॉझिट पूर्ण मिळतं, आत पैसे राहिले तर त्यातून २२० पर्यंत कापतात. नोटा थोड्या उरल्यात. २,००० डॉलरपर्यंतचं चलन आपल्याकडे ठेवता येतं, त्याच्या वरचं असेल तर परत आल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला द्यावं लागतं, आमचं त्यापेक्षा फार कमी म्हणून तसंच कपाटात ठेवलंय.

बाबांच्या फोरेक्स कार्डावरचे येन त्यांनी क्योटोत नातवंडांसाठी खेळणी घेऊन जवळजवळ संपवले, त्यामुळे परत करायचा प्रश्न आला नाही. आल्या आल्या सगळ्या कार्डांचं परदेशी वापराचं बटण मी बंद केलं. बाबा मात्र परवा स्वतः त्यांच्या बँकेत जाऊन बाहेर चालणारं रुपे कार्ड मिळतं का ते विचारून आले, फॉर्म पण आणलाय, कारण त्यांच्या एसटीतल्या मित्रमंडळींचं श्रीलंकेचं चाललंय आणि तिथे यूपीआयचा क्यूआर स्कॅन होतो हे त्यांना कोणीतरी सांगितलंय. ते खरंही आहे, फेब्रुवारी २०२४ पासून तिथे सुरू झालंय. पण त्यातही रुपया-श्रीलंकन रुपयाचा रेट काय लागतो आणि १०,००० रुपयांत हातात किती पडतात, हे त्यांनी मला न सांगताच आधी लिहून काढलंय.